मात्सुयामाचा किल्ला: शिमानामी संपली म्हणून इमाबारीतून मागे फिरू नका

आधी निकाल सांगतो, पाल्हाळ नंतर. जपानात सायकल घेऊन शिमानामी कायदो, म्हणजे बेटांवरून जाणारा सायकलचा मार्ग, करणार असाल तर इमाबारी स्टेशनवर सायकल जमा करायची, ट्रेन पकडायची आणि ओसाकाला पळायचं असं करू नका राव. अजून एक दिवस काढा. पन्नासेक किलोमीटर पुढे मात्सुयामा आहे, तिथला किल्ला बघा. माझ्याकडून पाचपैकी साडेचार. अर्धा मार्क कुठे कापला ते पुढे येईलच. आणि खुद्द इमाबारीतही एक किल्ला आहे, स्टेशनपासून सायकलने अगदी जवळ, आणि तरी बरेच सायकलवाले तो न बघताच जातात, त्याला इमारतीचे तीन आणि खंदकाचे पाच.

आम्ही तिघं होतो. मी, बायको आणि तिचा मामेभाऊ, जो नोकरीनिमित्त ओसाकात असतो आणि मला दाजी दाजी म्हणत सगळीकडे पुढे काढतो, विशेषतः चढावर, म्हणजे मी दमलो की त्याला पण थांबायला कारण मिळतं.

शिमानामीबद्दल थोडक्यात, कारण विषय किल्ल्याचा आहे. ओनोमिची ते इमाबारी, साधारण ७० किलोमीटर, मधे सहा बेटं आणि त्यांना जोडणारे मोठमोठे पूल. पुलांवर सायकलसाठी वेगळा मार्ग आहे, आणि पुलावर चढायला जे रॅम्प केलेत त्यांचा चढ इतका सौम्य आहे की ज्याने आयुष्यात कात्रजचा घाट सायकलने चढलाय त्याला हसू येईल. रस्त्याच्या कडेला निळी रेघ मारलेली असते, ती धरून चालवत राहायचं, मॅप उघडायची पण गरज नाही. शिवाय जपानात पण आपल्यासारखंच डावीकडून चालवतात, त्यामुळे युरोपात जाऊन जो गोंधळ होतो तो इथे नाही. शेवटचा कुरुशिमाचा पूल म्हणजे एकामागोमाग एक तीन झुलते पूल, मिळून चारेक किलोमीटर, खाली सामुद्रधुनीत भरती-ओहोटीच्या वेळी पाण्याला असली ओढ असते की वरून भोवरे दिसतात. तिथे वारा मात्र बेक्कार. बास, एवढं पुरे.

तर हा पूल उतरला की इमाबारी. आणि इथून खरी गोष्ट सुरू होते, कारण हे दोन्ही किल्ले एकाच वर्षी, म्हणजे १६०२ ला, बांधायला घेतले आणि बांधणारे दोघं शेजारी होते ज्यांचं आपसात पटत नव्हतं. १६०० मधे सेकिगाहाराची लढाई झाली, तोकुगावा इएयासू जिंकला, आणि जे त्याच्या बाजूने लढले त्यांना जहागिऱ्या मिळाल्या. इयो प्रांत, म्हणजे आजचं एहिमे, त्याचा मोठा भाग दोघांत वाटला गेला, इमाबारीकडचा तोदो ताकातोराला आणि मात्सुयामाकडचा कातो योशिआकीला. दोघंही कोरियाच्या मोहिमेत लढलेले, दोघांनाही साधारण वीस वीस लाख पोती तांदळाची, चुकलो, दोन दोन लाख कोकूची (कोकू म्हणजे तांदळाचं जुनं माप) जहागीर, तेव्हा तांदळाच्या उत्पन्नावरच सगळा हिशोब असायचा. आता शेजाऱ्याशी वाकडं आणि हातात नवीन जहागीर म्हटल्यावर काय होणार, दोघांनी किल्ले बांधायला घेतले. एकाने अगदी समुद्राकाठी, वाळूवर. दुसऱ्याने मैदानाच्या मधोमध उभ्या असलेल्या टेकडीवर. सायकलवरून एकाकडून दुसऱ्याकडे जाताना हे डोक्यात असलं ना की मधले पन्नास किलोमीटर नुसता रस्ता राहत नाही.

इमाबारीचा किल्ला बघताना पहिली गोष्ट, घाई करून आत जाऊ नका. खंदकाच्या काठाने सायकल हळूहळू फिरवा. या खंदकात समुद्राचं पाणी आहे. म्हणजे खरंच समुद्राचं, कालव्याने जोडलेलं, भरती आली की खंदकाचं पाणी वर चढतं आणि ओहोटीला उतरतं, आणि आत खाऱ्या पाण्यातले मासे फिरताना दिसतात. पूर्वी असे एकात एक तीन खंदक होते, आता आतला शिल्लक आहे, पण तोच इतका रुंद आहे की पलीकडची तटबंदी लांब वाटते. जपानात समुद्राचं पाणी घेणारे तीन मोठे किल्ले सांगतात, हा, ताकामात्सु आणि नाकात्सु. आम्ही सिंधुदुर्ग, जंजिरा बघितलेली माणसं, समुद्रात किल्ला असतो हे आम्हाला नवीन नाही, पण समुद्रच उचलून किल्ल्याभोवती आणून सोडायचा ही आयडिया वेगळी आहे. तोदो हा त्या काळचा नावाजलेला किल्ले बांधणारा होता, त्याने आयुष्यात मालक पण भरपूर बदलले, एकाकडून दुसऱ्याकडे, तिसऱ्याकडे, आणि प्रत्येक ठिकाणी वर चढत गेला, आपल्या आयटीवाल्यांनी आदर्श ठेवावा असा माणूस. आत त्याचा घोड्यावरचा पुतळा आहे.

आता वर जी पांढरी सुंदर इमारत दिसते ती मात्र १९८० ची आहे, सिमेंट काँक्रीट. आणि जुनी जशी होती तशीच केलीय असंही नाही, किल्ल्याला शोभेल अशी केलीय. आत म्युझियम आहे, चिलखतं, तलवारी, वगैरे. मजले चढून वर गेलं की कुरुशिमाचे पूल दिसतात, जे आपण नुकतेच पाय मोडून ओलांडलेले असतात, ते बघून जरा बरं वाटतं. पण जिन्याचा आवाज, रंग, सगळं सरकारी ऑफिसचं. माझ्या मेव्हण्याचं मत वेगळं, तो म्हणाला, दाजी, बाहेरून फोटो भारी येतो ना, मग झालं की. तर तीन मार्क त्याच्या फोटोचे. एक दरवाजा मात्र नीट लाकडात परत बांधलाय, २००७ ला, लोखंडी पट्ट्या मारलेला, तो चुकवू नका.

रात्र इमाबारीत काढून सकाळी निघालो. १९६ नंबरचा रस्ता धरायचा, समुद्राकाठचा. डोंगरातून जाणारा एक जवळचा रस्ता पण आहे पण त्यात घाट आहे आणि समुद्र नाही, त्यामुळे विषयच नाही. या समुद्राकाठच्या रस्त्यावर पण बऱ्याच ठिकाणी निळी रेघ आहे, कारण एहिमेवाल्यांनी पूर्ण प्रीफेक्चरभर, म्हणजे त्यांच्या राज्यभर, सायकलचे मार्ग काढलेत. पण शिमानामीसारखा हा लाडावलेला रस्ता नाही हे आधीच सांगतो. ट्रक असतात, काही ठिकाणी कडेची पट्टी अगदी अरुंद होते. ट्रकवाले हॉर्न मारत नाहीत, मागे शांतपणे येत राहतात, जागा मिळाली की लांबून वळसा घालून जातात, आपल्याला सवय नसल्यामुळे उलट त्याचंच टेन्शन येतं. माझ्या भाड्याच्या सायकलचा मागचा गियर मधेच स्वतःच्या मनाने बदलत होता, दुकानदाराने देताना चेक केला असता तर बरं झालं असतं, दुकानाचं नाव घेत नाही, पण तुम्ही सायकल ताब्यात घेताना एकदा चढावर चालवून बघा, पार्किंगमधे गोल फिरवून काही कळत नाही.

वाटेत किकुमा नावाचं गाव लागतं. एका बाजूला तेलाची रिफायनरी आणि दुसरीकडे कौलांचा धंदा, शेकडो वर्षांचा, काळपट चांदीसारखी चमकणारी कौलं. घरांच्या कोपऱ्यावर, कुंपणावर, जिथे तिथे राक्षसाच्या तोंडाची कौलं बसवलेली. इथे पाणी प्यायला थांबा आणि ही कौलं नीट बघून ठेवा, कारण नंतर किल्ल्यावर गेल्यावर आपण वर बघतो तेव्हा छपराची किंमत कळते. पुढे होजो लागतं, समोर काशिमा म्हणून छोटं बेट, तिथे हरणं आहेत, होडीने जाता येतं, आम्ही गेलो नाही कारण भूक लागली होती. होजोकडचा ताइमेशी प्रसिद्ध आहे, म्हणजे ताइ मासा अख्खा भातात शिजवतात. मासे खाणाऱ्यांना सांगतो, चव फार सौम्य, तिखट बिखट काही नाही, आपल्या जिभेला पहिले दोन घास कळतच नाही काय खातोय, मग हळूहळू गोडसर समुद्राची चव लागते आणि वाटी संपते. शाकाहारी लोकांचे हाल आहेत, भाजीच्या सूपमधे पण माशाचा अर्क असतो, बायकोने सरळ ओनिगिरी म्हणजे भाताचे गोळे आणि केळी यावर दिवस काढला आणि कुरकुर पण केली नाही, म्हणजे केली, पण कमी.

मात्सुयामा म्हणजे शिकोकू बेटावरचं सगळ्यात मोठं शहर, पाचेक लाख वस्ती, ट्राम चालतात. आणि शहरात शिरायच्या आधीच, लांबूनच, मधोमध ती टेकडी आणि तिच्या डोक्यावर किल्ला दिसायला लागतो. टेकडीचं नाव कात्सुयामा, उंची १३२ मीटर. १३२ मीटर म्हणजे आपल्या भाषेत काहीच नाही, पर्वती चढल्यासारखं, पण मैदानात एकटीच उभी असल्यामुळे अंगावर येते.

सायकल वर नेता येत नाही. खाली नीट पार्किंगमधे लावा, कुठेही खांबाला बांधून जाऊ नका, जपानात सायकल उचलून नेतात आणि मग सोडवायला दंड भरा, ऑफिस शोधा. वर जायला रोपवे आहे आणि शेजारीच चेअरलिफ्ट आहे, तिकीट तेच, हवं त्यात बसा. रोपवे तीन मिनिटं, लिफ्ट सहा. लिफ्टमधेच बसा! एकेका माणसाची उघडी खुर्ची, खाली जाळी, पाय लोंबकळत, झाडांच्या मधून गुपचूप वर सरकत राहायचं, सकाळपासून पॅडल मारून दुखणाऱ्या पायांना पहिल्यांदा कुणीतरी विचारलं असं वाटलं. रायगडच्या रोपवेला नाकं मुरडणाऱ्यांपैकी मी एक, पायऱ्या कशाला आहेत मग असं म्हणणारा, पण इथे गुपचूप तिकीट काढलं. मेव्हण्याने लगेच टोमणा मारलाच.

पायी जायच्या पण वाटा आहेत, चार. पूर्वीची मुख्य वाट कुरोमोन दरवाजाकडून, निनोमारू म्हणजे खालच्या वाड्याच्या बाजूने जाते. प्रीफेक्चरच्या ऑफिसच्या मागून एक वाट चढते, तिथून एक खास गोष्ट दिसते, डोंगराच्या उतारावरून सरळ वर चढत जाणारी दगडी भिंत. खालचा वाडा आणि वरचा बालेकिल्ला यांच्यामधे उतारावरून शत्रूने आडवं शिरू नये म्हणून ही भिंत. कोरियाच्या मोहिमेत जपान्यांनी तिथे जे किल्ले बांधले त्यात अशा भिंती असायच्या, आणि कातो स्वतः तिथे होता, म्हणजे कुठून उचललं ते उघड आहे. खुद्द जपानात अशा भिंती फार थोड्या ठिकाणी उरल्यात, हिकोने वगैरे. आम्ही लिफ्टने वर गेलो आणि येताना पायी उतरलो, हे कॉम्बिनेशन बेस्ट. फक्त एक, जुलै २०२४ मधे मोठ्या पावसात या टेकडीच्या एका बाजूची दरड कोसळली, खाली वस्तीत तीन माणसं गेली. त्यामुळे पायवाट कुठली चालू आहे ते खाली विचारून मगच निघा.

लिफ्ट सोडते तिथून वरच्या बालेकिल्ल्यापर्यंत दहाएक मिनिटं चालायचं, आणि माझ्या मते आख्ख्या किल्ल्यातला सगळ्यात भारी भाग हाच आहे, जो लोक फोनमधे बघत पार करतात. वाटेच्या कडेला तटबंदी सुरू होते, दगड असे रचलेत की खाली उतार आणि वर जाता जाता भिंत उभी होत जाते, काही ठिकाणी १४ मीटरच्या वर, आणि मधेमधे घड्या घातल्यात म्हणजे कुठल्याही बाजूने भिंतीला भिडणारा माणूस शेजारच्या घडीवरून टप्प्यात येतो. मग वाट एकदम उलटी वळते. आपल्याकडे गोमुखी बांधणी म्हणतो ना, दरवाजा समोरून दिसूच नये, तसलाच डाव इथे. पहिला दरवाजा लागतो तोनाशीमोन, त्याला दारंच नाहीत, नुसती चौकट. त्यातून शत्रू आत धावत आला की समोर त्सुत्सुइमोन हा मोठा दरवाजा, तो फोडायला सगळे तिथे गोळा झाले की शेजारच्या भिंतीच्या आडून काकुरेमोन नावाचा लपलेला दरवाजा आहे, त्यातून लोक बाहेर येऊन बाजूने हाणणार. मी दोनदा मागे जाऊन परत आलो आणि तरी तो लपलेला दरवाजा अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही. बायको म्हणाली तुम्हाला घरात समोर ठेवलेला चष्मा दिसत नाही, त्यामुळे माझा पुरावा ग्राह्य धरू नये.

बालेकिल्ल्याचं मैदान फुकट आहे, तिथे चेरीची झाडं, बाकं, एक विहीर. विहीर ४४ मीटर खोल! टेकडीच्या माथ्यावर. सांगतात की इथे मुळात दोन शिखरं होती, कातोने ती छाटून मधली दरी भरली आणि सपाटी केली, दरीतला झरा होता तो तसाच विहीर बांधून वर आणला. रायगडावर गंगासागर बघणाऱ्याला कळेल की किल्ल्यात पहिलं काय बघायचं असतं, पाणी.

आणि एवढं सगळं करून कातोला हा किल्ला पुरा बघायला मिळालाच नाही. पंचवीस वर्षं बांधकाम चालू होतं, आणि १६२७ ला शोगुनाने, म्हणजे तेव्हाच्या तोकुगावा सत्ताधीशाने, त्याची बदली केली, थेट आइझूला, उत्तरेकडे. जहागीर जवळपास दुप्पट झाली, म्हणजे प्रमोशन, पण घर सुटलं. आणि गंमत म्हणजे शोगुनाने आइझूला कुणाला पाठवू असं विचारलं तेव्हा कातोचं नाव तोदोनेच सुचवलं अशी गोष्ट सांगतात. तोच तो, समुद्राचं पाणी खंदकात घेणारा, जुना शेजारी. मोठेपणा होता की काटा काढला, तुम्ही ठरवा. मेव्हण्याच्या मते कॉर्पोरेटमधे यालाच रेकमेंडेशन म्हणतात.

पुढे काही वर्षांनी, १६३५ ला, मात्सुदाइरा घराणं आलं, ते तोकुगावांचे नातेवाईक, म्हणून इथल्या कौलांवर तोकुगावांचं तीन पानांचं चिन्ह आहे. किकुमात कौलं बघून ठेवा म्हटलं ते यासाठी, छपराच्या कडेला गोल कौलांवर नजर टाका, हे चिन्ह दिसेल. जपानात जुन्या काळातले, मूळचे लाकडी मनोरे टिकून असलेले किल्ले एकूण बाराच आहेत, बाकी सगळे जळले, पाडले किंवा इमाबारीसारखे परत बांधले, आणि त्या बारातले चार एकट्या शिकोकूत आहेत. आपल्याकडे पण २०२५ ला युनेस्कोच्या यादीत शिवरायांच्या काळातले बारा किल्ले गेले, हा निव्वळ योगायोग, पण मेव्हण्याला सांगितल्यावर त्याने ते ऑफिसात ऐकवायला नोट करून घेतलं.

आता मनोरा, म्हणजे तेन्शु. हा बारातला सगळ्यात नवीन. १७८४ च्या पहिल्याच दिवशी वीज पडून जुना जळला. मग पैसे नाहीत, कामं अर्धवट, परत थांबणं, असं करत करत १८५२ ला बांधून झाला. तारीख नीट बघा. पुढच्याच वर्षी, १८५३ ला, अमेरिकेची काळी जहाजं तोफा घेऊन जपानच्या दारात उभी राहिली, आणि त्याच वर्षी आपल्याकडे बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली. म्हणजे जगात वाफेची इंजिनं पळायला लागली आणि इथे सुतार लोक तीनमजली लाकडी किल्ल्याला जंग्या ठेवत होते, बंदुकीची नळी बाहेर काढायला. कुणाला वेडेपणा वाटेल. मला उलट त्यामुळेच तो जवळचा वाटला, कारण बांधणाऱ्यांनाही माहीत असणार की इथे कुणी वेढा घालायला येत नाहीये.

आत गेल्यावर ते दिसतं पण. लढाईच्या मनोऱ्यात छताला फळ्या मारत नाहीत, आढं उघडं असतं. इथे छत आहे, सरकत्या दारांच्या खाचा आहेत, भिंतीत तोकोनोमा म्हणजे चित्र टांगायचा कोनाडा आहे. राहायची सोय केल्यासारखी, आणि राहिलं तर कुणी नाही. बाहेरून खालच्या भागाला काळ्या फळ्या, त्या फळ्यांपैकी एकीच्या मागे कामगाराने काढलेलं एका माणसाच्या तोंडाचं चित्र नंतर दुरुस्तीच्या वेळी सापडलं, ते आत मांडलंय. बांधकामावरच्या साहेबाचं व्यंगचित्र असावं म्हणतात. मला आख्ख्या किल्ल्यातली सगळ्यात आवडलेली वस्तू विचाराल तर हीच. तलवारी सगळीकडे असतात. साहेबाचं तोंड फळीवर काढून ती उलटी ठोकून देणारा सुतार एकच.

मुख्य मनोऱ्याला लागून छोटा मनोरा आणि बुरुजासारख्या इमारती आहेत, सगळ्या एकमेकांना जोडलेल्या, मधे चौक. शत्रू चौकात आला की चारही बाजूंनी अडकला. यातला बराच भाग मूळचा नाही हे पण सांगायला पाहिजे. १९३३ ला कुणीतरी आग लावली त्यात छोटा मनोरा आणि आजूबाजूचं गेलं. १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात अजून काही इमारती गेल्या. १९४९ ला परत कुणीतरी आग लावली, त्यात त्सुत्सुइमोन गेला. एवढं होऊन मुख्य मनोरा वाचला आणि २१ इमारती आज राष्ट्रीय संरक्षित वारसा म्हणून उभ्या आहेत. पण जळलेला छोटा मनोरा परत बांधताना काँक्रीट ओतलं नाही, १९६८ ला तो लाकडातच बांधला, जुन्या पद्धतीने. आणि इथेच मला इमाबारी आणि मात्सुयामाचा फरक पायाला कळला, अक्षरशः पायाला, कारण बूट बाहेर काढून मोज्यांवर फिरायचं असतं. लाकूड दबतं, करकरतं, थंड लागतं, शेकडो पायांनी गुळगुळीत झालेलं. नवीन भाग कुठला आणि जुना कुठला हे पाटी न वाचता ओळखायचा खेळ आम्ही खेळलो आणि तिघंही बऱ्याच वेळा चुकलो, म्हणजे बांधणारे जिंकले. आपल्याकडे किल्ल्यांवर वाडे परत बांधावेत की नाही यावर दर सहा महिन्यांनी भांडण होतं. मी आजवर बांधू नये या पार्टीत होतो. अजूनही कागदपत्रं आणि मोजमापं नसतील तर नकोच म्हणेन, पण जिथे आहेत तिथे लाकूड-दगडात, त्याच पद्धतीने, सुतार शिकवून केलं तर काय होतं ते इथे बघून या आणि मग भांडा.

आता अर्धा मार्क. जिने. जिने कसले, शिड्या आहेत. इतके उभे की उतरताना उलटं तोंड करून, दांडा धरून, एकेक पाय चाचपत यावं लागतं, आणि पन्नास-साठ किलोमीटर सायकल चालवून आलेल्या मांड्यांना हे सहन होत नाही, माझे पाय तिसऱ्या मजल्यावरून खाली येताना थरथरत होते. गुडघ्याचा त्रास असणाऱ्या आई-वडिलांना घेऊन जाणार असाल तर मनोऱ्याचं तिकीट काढू नका, बाहेरचं मैदानच पुरे, नजारा तिथूनही मिळतो. आत इंग्रजी पाट्या आहेत पण जपानीत दहा ओळी आणि इंग्रजीत दोन असा प्रकार खूप ठिकाणी, मेव्हणा वाचून दाखवायला नसता तर सुताराची गोष्ट माझ्या हातून निसटली असती. चिलखत घालून बघायची फुकट सोय आहे, बायकोने घातलं, हेल्मेटसकट, आणि फोटोत ती इतकी खरी वाटतेय की मी काही बोललो नाही.

वरून चारही बाजूंना खिडक्या. एकीकडे शहर, पलीकडे सेतोचा समुद्र आणि बेटं, ज्यांच्यामधून आपण सायकल हाणत आलो. हवा साफ असेल तर पूर्वेकडे इशिझुची डोंगर दिसतो, १९८२ मीटर, पश्चिम जपानमधला सगळ्यात उंच. आम्हाला निम्मा दिसला, वरचा ढगात.

खाली मैदानात संत्र्याचं आइस्क्रीम मिळतं, इयोकान नावाची इथली जात आहे, आंबटपणा किंचित कडूकडे झुकणारा, एकदम झकास. एहिमे म्हणजे जपानचं नागपूर समजा. बायकोने दोन खाल्ली, केळी आणि ओनिगिरीचा हिशोब चुकता केला.

उतरल्यावर ट्रामने दोगो ऑनसेनला जा, सायकल हॉटेलवर टाकून. १८९४ ची लाकडी तीनमजली न्हाणीघराची इमारत, बरीच वर्षं दुरुस्ती चालू होती, २०२४ च्या जुलैत पूर्ण उघडली. सगळ्यांसमोर कपडे काढून बसायचं म्हणून मी आधी आढेवेढे घेतले, पण गरम पाण्यात मांड्या बुडवल्यावर लाज कुठे गेली कळलं नाही. बायका आणि पुरुष अर्थात वेगळे. दोगोवर वेगळं लिहायला पाहिजे, इथे नको.

काही कामाच्या गोष्टी आणि थांबतो. आम्ही गेलो तेव्हा मनोऱ्याचं तिकीट ५२० येन आणि रोपवे किंवा लिफ्ट जाऊन येऊन ५२० येन होतं, जाण्याआधी बघून घ्या. पायी उतरणार असाल तर लिफ्टचं एकाच बाजूचं घ्या, पैसे वाचतील. मनोरा ९ ला उघडतो आणि साधारण ५ ला बंद होतो, डिसेंबर-जानेवारीत अर्धा तास आधी, आणि शेवटचा प्रवेश त्याच्या अर्धा तास अलीकडे. म्हणजे इमाबारीहून त्याच दिवशी सायकलने येऊन बघायचं असेल तर सकाळी लवकर निघा, वाटेत जेवणासकट पाच तास धरा, किंवा शहाणपणा करून संध्याकाळी पोचा, दोगोत पाय शेका आणि किल्ला दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या लिफ्टने करा. सायकल भाड्याची असेल तर ती मात्सुयामात जमा करता येते का ते घेतानाच विचारा, शिमानामीवरची ठिकाणं ठरलेली असतात, आणि येत नसेल तर परत इमाबारीपर्यंत चालवत जावी लागते, आमच्या नशिबी तेच आलं, वारा समोरून. स्वतःची सायकल असेल तर ट्रेन आहे, एक्सप्रेसने पाऊण तास पण लागत नाही, फक्त सायकल सुटी करून पूर्ण पिशवीत भरायची, चाक बाहेर डोकावलं तरी चालत नाही. एप्रिल-मे किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबर बरा, जून-जुलैत पाऊस आणि ऑगस्टमधे मुंबईपेक्षा वाईट घाम. आणि डिसेंबरमधे जाणार असाल तर तिसरा बुधवार टाळा, त्या दिवशी मनोरा बंद ठेवून वर्षाची साफसफाई करतात.